आम्ल कमी करणारी गोळी कशी घ्यावी आणि कशी थांबवावी

जठरातील व्रणासाठी किंवा छातीतील जळजळीसाठी डॉक्टर ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल यांपैकी एखादे औषध लिहून देतात, तेव्हा ते किती आठवडे घ्यायचे हे विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणाला साधारणपणे ४, तर जठरातील व्रणाला किंवा अन्ननलिकेच्या दाहाला ८ आठवडे लागतात. मुदत न ठरवता सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षे चालूच राहते.

त्याच भेटीत व्रणाच्या कारणाचाही छडा लावावा. बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तरी असतो किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांसारखी वेदनाशामक औषधे तरी. जिवाणूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी शक्यतो गोळी सुरू करण्यापूर्वीच करावी, कारण गोळी चालू असताना जिवाणू असूनही तो दिसत नाही आणि मग तपासणीसाठी ती २ आठवडे बंद ठेवावी लागते. हृदयविकारासाठी दिलेले अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) चालू असल्यास तेही सांगावे. ओमेप्राझोलमुळे त्याचा परिणाम कमी होतो.

सर्वांत जास्त गफलत वेळेची होते. जठराच्या अस्तरातील आम्ल सोडणारे पंप हे औषध बंद पाडते, पण फक्त चालू असलेले. आणि ते मोठ्या संख्येने चालू होतात अन्न पोटात गेल्यावर. औषध रक्तात जेमतेम एक-दोन तास टिकत असल्याने गोळी न्याहारीपूर्वी ३० ते ६० मिनिटे घ्यावी. जेवून झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. कॅप्सूलमधील दाणे चावू नयेत, कारण त्यांवरचे आवरण फुटले की जठरातील आम्लच औषधाचा नाश करते. पूर्ण परिणामाला ३ ते ५ दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच रात्री जळजळ झाली म्हणून मात्रा दुप्पट करू नये; तात्पुरत्या आरामाला साधे अँटासिड पुरते.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळीवर विसंबून न राहता डॉक्टरांना गाठावे.

मुदत संपल्यावर गोळी एकाएकी सोडली तर दबलेले आम्ल काही दिवस उसळी घेते आणि आजार उलटला असे समजून अनेक जण ती पुन्हा सुरू करतात. त्यामुळे दीर्घकाळ घेतलेली गोळी आधी निम्म्या मात्रेवर, मग दिवसाआड आणावी आणि मधल्या जळजळीला अँटासिड घ्यावे. पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेल्या आणि अ‍ॅस्पिरिन घेणे भाग असलेल्या रुग्णांनी मात्र ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.