प्रौढांमधील दमा: फुप्फुसांची चाचणी कशी करवून घ्यावी आणि वयानुसार अहवाल कसा वाचावा

पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशीचा वास सुटला की गोव्यातील अनेक घरांत कोणाची तरी छाती घरघरू लागते. पूर्वी कोणाला तरी लागू पडलेला पंप मग चाचणीविनाच सुरू केला जातो. पहाटेचा खोकला, शिट्टीसारखा आवाज आणि कमी-जास्त होणारी धाप ही लक्षणे दम्याकडे बोट दाखवतात, पण श्वासनलिका आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात याचा पुरावा मोजणीतूनच मिळतो. स्टेरॉइडचा पंप नियमित सुरू झाल्यावर हा पुरावा सापडणे अवघड जाते, म्हणून शक्य असेल तेव्हा चाचणी आधी करावी. मात्र धापेमुळे एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर चाचणीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात. सत्तरी किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जायचे तर बराच वेळ मोडतो, त्यामुळे फेरी वाया जाऊ नये अशी तयारी करून निघावे. कोणता पंप किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. श्वासनलिका झटपट मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल साधारणपणे किमान ४ तास थांबवतात, दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांना त्याहून अधिक वेळ लागतो. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा क्षयरोगाची शंका असेल, तर ते आधीच सांगावे. कपडे सैल असावेत आणि पोट गच्च भरलेले नसावे.

खुर्चीत ताठ बसून, नाकाला चिमटा लावून, छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यावा. नंतर नळीभोवती ओठ घट्ट मिटून एकदम जोराने फुंकावे आणि तंत्रज्ञ थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहावे. बहुतेकांची चूक शेवटी होते: हवा संपली असे वाटून ते मध्येच सोडून देतात आणि आकडा फसवा येतो. किमान ३ चांगल्या फुंकरी मिळाव्यात आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंतील फरक १५० मिलिलीटरच्या आत असावा. त्यानंतर साल्ब्युटामॉल देऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलीटर, अशा दोन्ही मापांनी वाढली, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो.

आता वयाचा प्रश्न. पहिल्या सेकंदातील हवेला फुंकरीतील एकूण हवेने भागले की जे गुणोत्तर येते, ते ०.७० पेक्षा कमी असल्यास अडथळा आहे, असा ठोकताळा सर्रास वापरला जातो. हे गुणोत्तर वयाबरोबर आपोआप घटत असल्याने तो ठोकताळा दोन्ही टोकांना चुकतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे ०.७२ हे बहुधा अडथळ्याचे लक्षण असते, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचे ०.६८ निरोगी असू शकते. अहवालात वय, उंची आणि लिंगानुसार काढलेली सामान्यतेची खालची मर्यादा छापलेली आहे का, हे अवश्य पाहावे. कागदावरचे वय अंदाजाने लिहिलेले असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा असतो.

तरुणांमध्ये चाचणीच्या दिवशी फुप्फुसे अगदी ठीक असू शकतात. एकदा सामान्य आलेला अहवाल दमा नसल्याचे सिद्ध करत नाही. अशा वेळी पीक फ्लो मीटर (फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे छोटे उपकरण) घेऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीन-तीनदा फुंकावे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ३८० आले, तर ६० चा फरक ३५० या सरासरीच्या सुमारे १७ टक्के होतो. रोजच्या अशा टक्केवारीची दोन आठवड्यांची सरासरी १० च्या वर गेल्यास ती वही डॉक्टरांना दाखवावी.

मध्यमवयात नव्याने धाप सुरू झाली तर कामाकडे पाहावे. पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) भट्टीत पिठाची धूळ रोज श्वासात जाते आणि तिच्यामुळे दमा होऊ शकतो. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे आकडे वेगळे लिहिले की संबंध उघड होतो.

वृद्धांची चाचणी सर्वांत अधिक धीराने करावी लागते. त्यांना श्वासनलिका आकसल्याची जाणीवच कमी होते, आणि धाप लागली तरी ते ती वयाच्या माथी मारतात. हृदयाची दुर्बलता, विडी-सिगारेटमुळे किंवा चुलीच्या धुरामुळे जडलेला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार) आणि जुन्या क्षयरोगाचे व्रण यांतूनही तशीच धाप लागते, म्हणून छातीचा एक्स-रे आणि हृदयाची तपासणी सोबत करावी. पाठ वाकली असेल तर उंचीऐवजी पसरलेल्या हातांची लांबी मोजण्याची विनंती करावी, आणि घट्ट बसणारी कवळी काढू नये. घरातील सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही श्वासनलिका आकसवू शकतात आणि डोळ्यांचे औषध म्हणून तीच बाटली हमखास घरी राहते.