वाळवंटातला मुक्काम: बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर तंबू टाकताना

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांचा जमीनमालकी दाखवणारा नकाशा उघडला की ॲरिझोना, नेवाडा, युटा, कॅलिफोर्नियात पिवळ्या रंगाचे प्रचंड पट्टे दिसतात. ही ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची सरकारी जमीन. अलास्का धरून ती सुमारे साडेचोवीस कोटी एकर भरते. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी आरक्षण न करता, फुकट मुक्काम करता येतो. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे नळ नसतो, संडास नसतो, कचऱ्याचा डबा नसतो, बहुतेकदा फोनला रेंजही नसते. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम डांबरी रस्ता सोडण्याआधीच उरकावं लागतं.

जागा

आधी जमीन कोणाची ते बघा. पिवळा रंग बीएलएमचा, हिरवा नॅशनल फॉरेस्टचा, फिकट निळा राज्य सरकारचा, पांढरा खाजगी. ॲरिझोनात निळ्या भागासाठी वेगळा परवाना लागतो, आणि काही ठिकाणी पिवळे-निळे चौकोन एकमेकांत असे मिसळलेले असतात की ‘अजून थोडं पुढे’ म्हणता म्हणता हद्द ओलांडली जाते. गाया किंवा ऑनएक्ससारख्या ॲपवर मालकीसह नकाशा घरीच डाऊनलोड करून घ्या. नुसत्या गूगल मॅपवर विसंबू नका. साध्या गाडीला न झेपणारी खडकाळ वाटही तो रस्ता म्हणून दाखवतो.

मग त्या भागाच्या बीएलएम कार्यालयात फोन करून विचारा: जागा खुली आहे का, शेकोटीला बंदी आहे का, कच्चा रस्ता कसा आहे, किती दिवस राहता येतं? साधारण नियम २८ दिवसांत १४ दिवसांचा असतो, त्यानंतर बरंच दूर हलावं लागतं. पण अपवाद पुष्कळ. युटात मोआबच्या आसपास अनेक भागांत फक्त ठरवून दिलेल्या जागीच राहता येतं आणि स्वतःचा पोर्टेबल संडास सोबत लागतो. ॲरिझोनात वन्यप्राण्यांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणं कायद्याने मना आहे. माणसं तिथे बसली तर जनावरं पाण्यावर उतरतच नाहीत.

प्रत्यक्ष पोचल्यावर आधी वापरलेली, उघडी पडलेली जागाच निवडा. युटाच्या पठारावर मातीवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो सजीव असतो, वाऱ्यापासून माती धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडला तर भरून यायला कित्येक वर्षं जातात.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नका, कितीही सपाट आणि मऊ दिसलं तरी. पाऊस वीस मैलांवर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे निरभ्र आकाशाखाली येतो. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, भेगाळलेला चिखल दिसला तर ती पाण्याची वाट समजा. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ धरतात, तेव्हा दुपटीने जपा. खोलगट भागात रात्री थंड हवाही साचते. काठावरचा, पात्रापासून चांगला उंच टप्पा दोन्ही दृष्टींनी बरा. सूर्यास्ताआधी दीड तास तरी पोचा, कारण या खुणा अंधारात दिसत नाहीत.

पाणी

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर, हे अगदी किमान. उन्हाळ्यात दोन धरा, आणि वर एका दिवसाचं जास्तीचं. हिवाळ्यात चार माणसं तीन दिवस: १२ गॅलन, अधिक राखीव ४, एकूण १६. हे साठ लिटर म्हणजे साठ किलो वजन झालं, गाडीत सामान लावताना ते लक्षात घ्या. सगळं एकाच कॅनमध्ये भरू नका, तोटी गळली की रातोरात सगळं वाळूत जातं.

पाणी वाचतं ते स्वयंपाकात. उकळून ओतून द्यावं लागणारं पाणी पास्त्याला लागतं. कुकरमधल्या मुगाच्या खिचडीला किंवा पिठल्याला जेवढं घालाल तेवढं पोटात जातं. तांदूळ-डाळ घरी धुऊन वाळवून न्या, भाज्या चिरून न्या. ताटं आधी कागदाने पुसा, मग चमचाभर पाण्यात निघतात.

गाडी

आहे त्याच वाटेवरून चालवा. वाळू लागली की टायरची हवा ३५ पीएसआयवरून २० वर आणा. डांबरावर परतताना पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच. चाक फिरू लागलं की ॲक्सिलरेटर लगेच सोडा. जोर दिला की गाडी पोटावर बसते. चाकांपुढची वाळू फावड्याने काढा, हवा १५ वर आणा, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणारी खाचेदार फळी, द्या आणि हळू निघा. त्या वेळी मागेपुढे कोणी उभं राहू नये, बोर्ड गोळीसारखा उडतो.

तंबू, शेकोटी, शौच

वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि फूटभर खोल पुरा. तंबू आपोआप उभा राहणारा असला तरी बांधाच, दुपारचा वारा रिकामा तंबू सहज उचलतो.

कॅलिफोर्नियात बीएलएमच्या जमिनीवर शेकोटीलाच नव्हे, गॅसच्या शेगडीलाही मोफत परवाना लागतो. शेकोटी विझवायचं पाणी वरच्या हिशेबात नाही. नुसती वाळू टाकली तर खाली निखारे तासन्‌तास तापलेले राहतात. राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतायची तयारी नसेल तर पेटवूच नका. वाळवंटातलं वाळकं लाकूडही तोडू नका, किडेमुंग्यांपासून सरड्यांपर्यंत कितीतरी जिवांचा तोच आसरा असतो.

शौचासाठी वॅग बॅग, म्हणजे एकदाच वापरायची जाड पिशवी, उत्तम, आत मैला घट्ट करणारी पावडर असते आणि बंद करून परत नेता येते. खड्डाच करायचा तर ४ ते ६ इंच खोल, पाणी, वाट आणि तंबूपासून २०० फूट, म्हणजे सत्तरेक लांब पावलं दूर. कागद पुरू नका. कोरड्या मातीत तो कुजत नाही, जनावरं उकरून काढतात. जाळायलाही जाऊ नका, त्यातून वणवे लागलेले आहेत.

निघण्यापूर्वी

घरच्या माणसाला ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि रेंज नसेल तिथे सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, न्या. सकाळी बूट झटकून घाला. रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की विंचू हिरवट चमकतात, झोपण्यापूर्वी आसपास एक फेरी मारा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर हात न लावता कंगव्याने उडवा.

मोहावी वाळवंटात गाडी सुरू करण्याआधी वाकून चाकांखाली बघा. सावलीसाठी तिथे वाळवंटी कासव येऊन बसतं, आणि ते १९९० पासून संरक्षित आहे. असलं तर उचलू नका. घाबरलं की ते महिनोन्‌महिने मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढच्या पावसापर्यंत तगेलच असं नाही. ते आपणहून निघून जाईपर्यंत थांबा.