चंदगड कुठून आला? जुन्या पीक-नोंदी वापरताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या भातक्षेत्राचा लांब पल्ल्याचा आलेख काढला की १९५६ नंतर रेघ वर सरकते. लगेच बियाणं, खतं, पाटबंधारे अशी कारणं जोडू नका. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका इकडे आला. चंदगड हा भाताचाच मुलूख, त्यामुळे एक रोपही जास्त न लावता आकडा वाढला! बेळगावच्या दप्तरातून चंदगडचे आधीचे आकडे शोधून मिळवा, नाहीतर नंतरच्या बेरजेतून तो तालुका वगळा. मला वगळणंच बरं वाटतं. दोन दप्तरांच्या पद्धती जुळवत बसावं लागत नाही. १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधीचं कोल्हापूर संस्थान आणि आजचा जिल्हा यांनाही एक समजू नका. इचलकरंजी, विशाळगड, बावडा, कागल या जहागिऱ्या एखाद्या तक्त्यात धरल्यात की नाहीत, ते आधी तपासा.

खरा घोळ उसाचा. जुन्या तक्त्यांत उसाचं उत्पादन पुष्कळदा गुळात दिलेलं असतं. दहा टन उसाला साधारण एक टन गूळ, म्हणून एकरी उतारा दहापट कमी दिसला तर आजोबांच्या शेतीला नावं ठेवण्याआधी रकान्याचं शीर्षक वाचा. दुसरी भानगड आडसालीची. जुलै-ऑगस्टची लागण सोळा-अठरा महिन्यांनी तुटते. पीकपाहणीत ती दोन वर्षं उभी दिसते, टनेज मात्र एकदाच येतं. भागाकार तोडणीच्या क्षेत्राने करा. आणि कारखान्यांचं गाळप म्हणजे जिल्ह्याचं उत्पादन नव्हे. त्यात शेजारच्या जिल्ह्यांतला, सीमेपलीकडचा ऊस असू शकतो. गुऱ्हाळाचा आणि बेण्याचा नसतो.

जुनी आणेवारी (आजच्या पैसेवारीचं आधीचं रूप), म्हणजे पीक नेहमीच्या मानाने किती आणे आलं याचा नजरअंदाज. तिच्यावर सारामाफी आणि सवलती अवलंबून, तेव्हा आकडा खाली ओढला जाण्याची शक्यता असते. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे-पानसे यांच्या कामामुळे पीक कापणी प्रयोग (निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापून प्रत्यक्ष मोजणं) रुजू लागले. या दोन पद्धतींच्या सांध्यावर उतारा बदलला तर शेती बदलली असं लिहू नका.

भात (टरफलासकट) आणि तांदूळ वेगळे मोजा. भाताच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश तांदूळ निघतो. पायली-खंडीची मापं गावोगाव वेगळी, सरसकट किलोत बदलू नका.

रिकामा रकाना शून्य धरू नका. २००५, २०१९, २०२१ या महापुराच्या सालांत शिरोळ-करवीरचे आकडे विचित्र दिसले तरी खोडू नका. क्षेत्र पेरणीचं दिलंय की काढणीचं, तेवढं बघून घ्या.