सहावी ते आठवीचे गणित घरी कसे पक्के करावे

पाचवीपर्यंत गणितात चांगले गुण मिळवणारे मूल सहावी-सातवीत अचानक मागे पडू लागले की आपण पालक बहुधा पाढ्यांना नाहीतर आळसाला दोष देतो. माझ्या मते कारण बहुतेक वेळा वेगळे असते. संख्या म्हणजे मोजलेल्या वस्तू, एवढी समजूत पाचवीपर्यंत पुरते. अपूर्णांक, ऋण संख्या आणि अक्षरे आली की ती पुरत नाही. म्हणून पुढचे धडे उरकण्याआधी मुलाची समज कुठे अडली आहे ते शोधावे, आणि सुरुवात अपूर्णांकांपासून करावी, कारण गुणोत्तर, शेकडेवारी आणि समीकरणे या सगळ्यांना त्यांचाच आधार लागतो.

तपासणीसाठी एकच बेरीज पुरेशी आहे: १/२ + १/३. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मुलाने २/५ असे उत्तर दिले, तर ते लगेच खोडू नये. २/५ हा अर्ध्यापेक्षा मोठा की लहान, एवढेच विचारावे. तो लहान आहे हे लक्षात आले की अर्ध्यामध्ये आणखी काही मिळवूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले, हा प्रश्न मुलाला स्वतःहून पडतो. मग १२ समान चौकटींची कागदी पट्टी द्यावी. तिचा अर्धा भाग ६ चौकटींचा आणि तिसरा भाग ४ चौकटींचा, म्हणून बेरीज १०/१२, म्हणजेच ५/६. यानंतर १२ ऐवजी किती चौकटींची सर्वांत लहान पट्टी चालली असती, असे विचारावे. मुलाने ६ म्हटले की लसावि कशासाठी काढायचा असतो हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

या कामी आपल्या भाषेची मोठी मदत होते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुले घरात रोज ऐकतात, आणि पूर्वी तर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी यांचे पाढेच पाठ करून घेत. ते सगळे पाठ करावेत असे मी म्हणणार नाही, पण आठाची पाऊणपट किती, बाराची दीडपट किती, असे तोंडी प्रश्न जाता-येता जरूर विचारावेत. २/३ चे वाचन ‘दोन छेद तीन’ असे केले की दोन सुट्या संख्या ऐकू येतात, तर ‘दोन तृतीयांश’ म्हटले की भाग डोळ्यांपुढे उभा राहतो. सेमी इंग्रजीच्या वर्गातल्या मुलांना न्युमरेटर, डिनॉमिनेटर, एलसीएम हेच शब्द माहीत असतात. त्यांच्याशी दोन्ही शब्द वापरावेत, कारण ‘अंश’ म्हणजे भाग हा अर्थ मराठी शब्दातच आहे.

अपूर्णांकांच्या भागाकारात ‘उलटा करून गुणा’ हा नियम सर्वांत शेवटी सांगावा. आधी असे विचारावे: पाऊण लिटर दूध सव्वाशे मिलिलिटरच्या, म्हणजे १/८ लिटरच्या, पेल्यांत ओतले तर किती पेले भरतील? एका लिटरमध्ये ८ पेले भरतात, म्हणून पाऊण लिटरमध्ये आठाची पाऊणपट, म्हणजे ६ पेले. ३/४ ÷ १/८ आणि ३/४ × ८ यांचे उत्तर एकच का येते, हे मुलाला इथे स्वतःच्या मोजणीतून कळते.

ऋण संख्यांसाठी कर्जाचे उदाहरण फार जुने आणि अजूनही उत्तम आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन आणि ऋण याच शब्दांत या संख्यांचे नियम दिले. हातात ८ रुपये आणि डोक्यावर ३ रुपयांचे कर्ज असेल तर खरी शिल्लक ५; ते कर्ज कोणी माफ केले तर ती ८ होते, म्हणून ५ − (−३) = ८. दोन ऋण संख्यांच्या गुणाकाराला मात्र हे उदाहरण ओढूनताणून लावू नये. तिथे २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ० अशा ओळी लिहाव्यात; प्रत्येक ओळीत उत्तर ३ ने वाढते हे दिसल्यावर (−१) × (−३) चे उत्तर मुलालाच सांगू द्यावे.

बीजगणिताकडे वळण्यापूर्वी ८ + ४ = □ + ५ हे उदाहरण घालावे. पुष्कळ मुले चौकटीत १२ लिहितात, कारण बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी त्यांची समजूत झालेली असते. दोन्ही बाजूंची किंमत सारखी, हा त्याचा अर्थ पटून चौकटीत ७ आल्याशिवाय समीकरणे सुरू करू नयेत. अक्षरांची ओळख काड्यापेटीतल्या काड्यांनी होते. एकमेकांना चिकटून एका ओळीत चौकोन रचायला लागले की एकासाठी ४, दोनांसाठी ७, तिनांसाठी १० काड्या लागतात. १०० चौकोनांना किती लागतील, हे मुलाला रचून पाहता येत नाही, म्हणून नियम शोधावा लागतो. एक मूल ३न + १ म्हणेल, दुसरे ४ + ३(न − १). दोघांनाही आपापली रीत काड्या दाखवून समजावू द्यावी आणि मग दुसऱ्या राशीतला कंस सोडवायला सांगावा. ‘न’ म्हणजे चौकोन नव्हे, तर चौकोनांची संख्या, हे मात्र पुन्हा पुन्हा स्पष्ट करावे; ‘५आ म्हणजे पाच आंबे’ असे सांगण्याची सवय पुढे फार त्रास देते.

सराव रोज अर्धा तास पुरतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांवरच भर असेल, तर आठवड्यातून दोन-तीन उदाहरणे तरी पर्याय झाकून पूर्ण पायऱ्यांसह सोडवून घ्यावीत. चुकलेले उदाहरण खोडू न देता शेजारी ‘मी काय समजलो होतो’ हे मुलाने एका ओळीत लिहावे, आणि आठ दिवसांनी तेच उदाहरण संख्या बदलून पुन्हा द्यावे.