बी विषाणूची तपासणी, बी विषाणू न हाताळता

ऱ्हीसस किंवा बॉनेट माकडाच्या अंगात बी विषाणू (माकडांचा हर्पीस विषाणू) बहुधा निमूट पडून असतो. फार तर तोंडात फोड येतो. माणसाला झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दहातले सात-आठ दगावतात. त्यामुळे एलायझासाठी (रक्तातली प्रतिपिंडे रंगावरून ओळखणारी चाचणी) खरा विषाणू वाढवायच्या फंदात पडू नका, त्याला बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. बबून माकडाचा एचव्हीपी-२ हा हर्पीस विषाणू त्याचा जवळचा भाऊबंद. बी विषाणूची प्रतिपिंडे एचव्हीपी-२ च्या प्रतिजनालाही (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो विषाणूचा भाग) चिकटतात. विषाणूच्या आवरणावरची जीबी, जीडी प्रथिने रिकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकावरून बनवलेली मिळाली तर आणखी बरे: विषाणूच नको.

खरी जोखीम चाचणीच्या प्लेटवर नसते, पिंजऱ्यापाशी असते. केटामीन (भुलीचे औषध) किलोमागे १० मिग्रॅ स्नायूत द्या, जनावर पूर्ण गळल्याशिवाय हात घालू नका. मांडीच्या शिरेतून २-३ मिली रक्त पुरते. सुईला टोपण परत लावायचे नाही. गॉगल आणि फेसशील्ड दोन्ही. १९९७ मध्ये अमेरिकेत डोळ्यात उडालेल्या शिंतोड्याने एका तरुण कर्मचाऱ्याचा जीव गेला. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवा, पण हातमोजे तेवढ्याने निघत नाहीत.

मुंबईत जुलैत फ्रिजमधून काढलेले प्लेटचे पाकीट लगेच फाडले की प्लेटच्या विहिरींत (छोट्या खळग्यांत) दव धरते आणि वाचन वरखाली होते. अर्धा तास टेबलावर ठेवून मगच उघडा.

प्रत्येक सीरम दोन विहिरींत: एकीत प्रतिजन, म्हणजे विषाणू वाढवलेल्या पेशींचा अर्क, दुसरीत त्याच पेशींचा विषाणूविरहित अर्क. सीरम १:१०० पातळ करून, १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर तासभर. ट्वीन (साबणासारखे द्रव्य) घातलेल्या पीबीएस या क्षारद्रावणाने पाच धुण्या, प्रत्येक वेळी प्लेट टिश्यूवर उलटी आपटून. धुणी कमी पडली तर निगेटिव्हही पिवळे दिसते. मग माकडाच्या आयजीजी प्रतिपिंडांना चिकटणारा एचआरपी कॉन्जुगेट (एचआरपी एन्झाइम जोडलेले प्रतिपिंड), पुन्हा धुणी, अंधारात १५ मिनिटे टीएमबी (एन्झाइममुळे रंग देणारे द्रव्य), क्रिया थांबवायला सल्फ्युरिक आम्ल, ४५० नॅनोमीटरवर वाचन. प्रतिजनाच्या विहिरीच्या आकड्यातून दुसऱ्या विहिरीचा वजा करा. नाहीतर पेशींनाच चिकटणारी प्रतिपिंडे निरोगी माकडाला पॉझिटिव्ह ठरवतात.

शंकास्पद निकाल वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडे तपासणारी चाचणी) पडताळा. नव्या जनावराच्या एका निगेटिव्हवर विसंबू नका: संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात, म्हणून क्वारंटाइनमध्ये काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. पॉझिटिव्ह माकड मात्र जन्मभर वाहक धरायचे, आज विषाणू सोडत असो वा नसो.

चावा, ओरखडा झाला की निगेटिव्ह अहवाल दाखवत बसू नका. साबणपाण्याने १५ मिनिटे घड्याळ लावून धुवा, डोळा असेल तर नुसत्या पाण्याने, आणि व्हॅलासायक्लोविर या विषाणूरोधक औषधाबद्दल तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारा. त्यांचा नंबर पिंजऱ्याच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला असावा.