माळावरचं गोल्फ मैदान संगणकात बांधण्याआधी: तयारीची यादी

आधी जागा ठरवा, आणि ती खरी असू द्या. बेळगावजवळ येळ्ळूरला राजहंसगडाच्या पायथ्याचा उतार, जांबोटीकडचा झाडीचा पट्टा, नाहीतर चंदगडच्या अंगाचं जांभ्याचं पठार, काहीही चालेल. अठरा होलना (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा एक पट्टा) १२० ते १५० एकर धरा. हद्द बघायला कर्नाटकात दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर मिळतो, महाराष्ट्रात चंदगडच्या हद्दीत शिरलात की सातबारा आणि गट नंबर. गेमला या कागदांचं काही पडलेलं नसतं. पण बांध, पाणंद आणि ओढा नेमका कुठून जातो हे कळलं की होलची मांडणी त्या जमिनीचीच वाटते.

मग उंचीची फाईल. परदेशातल्या पुष्कळ मैदानांना लायडारची, म्हणजे लेसरने मोजलेली, मीटरभर बारीक माहिती फुकट मिळते, आपल्याला दर ३० मीटरला एक उंची देणाऱ्या एसआरटीएमवर (अंतराळातून रडारने केलेली मोजणी) किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरच्या कार्टोसॅट उपग्रहाच्या फाईलवर भागवावं लागतं. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की सगळ्यात आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात बदलून घ्या. अक्षांश-रेखांशातच ठेवलीत तर या भागात जमीन पूर्व-पश्चिम सुमारे ४ टक्के ताणली जाते आणि ४०० यार्डांचं होल ४१५ यार्डांच्या वर जातं. फाईल १६ बिटमध्येच काढा. २०० मीटर चढ-उतार ८ बिटमध्ये कोंबला तर एकेक टप्पा ७८ सेंटीमीटरचा पडतो आणि टेकडीला भाताच्या खाचरांसारख्या पायऱ्या दिसतात. १६ बिटमध्ये तोच टप्पा ३ मिलिमीटरवर येतो. युनिटीला (गेम बांधायचं सॉफ्टवेअर) उंचीचा नकाशा १०२५, २०४९ किंवा ४०९७ बिंदूंचा लागतो. २०४८ चा देऊन २०४९ सांगितलंत तर प्रत्येक ओळ एकेक बिंदू सरकते आणि डोंगर तिरका होतो. ओढा उलट्या दिशेला दिसला तर नकाशा उभा उलटवायचा पर्याय निवडायचा राहिलाय, एवढंच. झाडीच्या कडेला नसलेले उंचवटे येतात, कारण वरून मोजताना जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजलेले असतात. ते हाताने खाली बसवा.

इथवरचं काम कुणालाही जमतं. खरी तयारी ग्रीनची, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या तुकड्याची. ३० मीटरच्या फाईलमध्ये एक आकडा जवळजवळ नऊ गुंठ्यांचा असतो, आणि ग्रीन असतं साधारण पाच गुंठ्यांचं. म्हणजे अख्खं ग्रीन एकाच आकड्यात बुडतं. बहुतेक हौशी मैदानं इथेच खोटी पडतात: डोंगर हुबेहूब आणि ग्रीन कॅरम बोर्ड. त्यामुळे ग्रीनची वळणं जमिनीवरूनच आणा. पहिल्या मोठ्या पावसानंतर माळावर जा, पाणी कुठे पसरतं आणि कुठे ओघळतं ते बघून २० बाय २५ मीटरचा एक तुकडा निवडा. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी, रंगीत पाणी, खुणांना चुना आणि सोबत एक माणूस एवढं पुरे. अडीच मीटरवर एक खूण केली तर ९९ आकडे होतात. नळीत बुडबुडा अडकला तर दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही आणि पुढचे सगळे आकडे फसतात. म्हणून दर ओळीला दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक आहे ना ते बघा. हे आकडे ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर) वेगळ्या जाळीवर चढवा, मुख्य भूभागावर नको. दोन किलोमीटरला २०४९ बिंदू म्हणजे मीटरला जेमतेम एक, त्यात ग्रीनची वळणं उमटत नाहीत.

माळाचा उतार जसाच्या तसा मात्र घेऊ नका. झेंडा लावायच्या जागी १.५ ते ३ टक्के उतार ठेवा, म्हणजे १० मीटरला १५ ते ३० सेंटीमीटर. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरवर (ठरावीक वेगाने सोडलेला चेंडू किती घरंगळतो ते मोजायची पट्टी) १० फूट ठेवून ४ टक्क्यांवर झेंडा लावला तर उताराकडे मारलेला चेंडू झेंड्याजवळ थांबवणं फार अवघड जातं. प्रत्येक ग्रीनवर झेंड्याच्या निदान चार जागा, कडेपासून चार पावलं आत. कपचा, म्हणजे चेंडू पडायच्या खड्ड्याचा, व्यास १०८ मिलिमीटर, तो मोठा करायचा मोह टाळा.

फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा), रफ (त्याच्या बाजूचं वाढलेलं गवत), बंकर (वाळूचा खड्डा), टी (पहिल्या फटक्याची जागा) यांच्या कडा इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या थरांवर काढा. रेघ बंद हवी आणि बिंदू मोजके. बिंदूंची खच्चून गर्दी झाली की ब्लेंडरमध्ये जाळी फाटते. चेंडू पडायच्या पट्ट्यात फेअरवे ३० ते ३५ यार्ड रुंद पुरतो. जीएसप्रो या गोल्फ सिम्युलेटरसाठी हीच साखळी चालते. पीजीए टूर टू-के या गेमच्या मालिकेत मैदान बांधायचा डिझायनर गेममध्येच असतो, तिथे या यादीचा बराचसा भाग गळतो.

झाडांसाठी फोटो आधीच काढून ठेवा: काजू, जांभूळ, आंबा, ऐन, किंजळ, बांबू, हद्दीवर निलगिरी आणि पलीकडे ऊस. तयार संचातली पाइनची झाडं लावून बेळगाव होत नाही. गवताला हरळीचा फोटो घ्या, कारण गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हरळीच. मातीचा रंग कोरडा आणि भिजलेला असा दोनदा टिपा, जांभ्याच्या मातीत तो फार बदलतो. बंकरची वाळू पांढरीशुभ्र नको. नदीची तपकिरी वाळूच इथे शोभते.

हवा आणि सूर्य. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. गेममध्ये उंचीचा रकाना असेल तर भरा, म्हणजे चेंडू थोडा लांब जाईल. वारा पावसाळ्यात पश्चिमेकडचा, थंडीत पूर्वेकडचा. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सावल्या तशा पडू द्या. पहिलं होल पूर्वेकडे आणि अठरावं पश्चिमेकडे तोंड करून नको, नाहीतर सकाळ-संध्याकाळ खेळणारा डोळ्यांवर हात धरून उभा.

मैदानावरच्या प्रकाश-सावल्यांची संगणकातली गणना रात्रभर चालते, तेव्हा यूपीएस लावा आणि त्याआधी प्रकल्पाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. झाडं लावण्यापूर्वी अठराही होल सगळ्यात पुढच्या टीवरून खेळून बघा. ओढा ओलांडायला तिथून १०० यार्डांपेक्षा जास्त फटका लागत असेल तर टी पुढे सरकवा, ओढा नको.