डबक्यातलं पाणी फोल्डस्कोपने कसं बघायचं

फोल्डस्कोप (कागदाचा मायक्रोस्कोप) आला त्या दिवशी मी हौसेने तळ्याचं छान नितळ पाणी बाटलीत भरून आणलं आणि तासभर डोळे फोडले, काही म्हणजे काही दिसलं नाही. चूक माझीच. मोकळ्या स्वच्छ पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव कमी असतात, बहुतेक सगळे कशाला तरी धरून राहतात, शेवाळ, कुजकी पानं, नाहीतर जलपर्णीची मुळं. म्हणून जलपर्णी उपटायची, मुळं बरणीवर धरून पिळायची आणि जे मातकट पाणी निघेल ते घरी आणायचं. तळं लांब असेल तर कुंडीखालच्या ताटलीतलं हिरवट पाणीपण चालतं. झाकण घट्ट लावू नका, फडकं बांधा, म्हणजे हवा जाते आणि डास बाहेर येत नाहीत (आमच्याकडे एकदा आले, घरच्यांनी बरणीच फेकून दिली).

फोल्डस्कोप म्हणजे कागदाच्या घड्या घालून बनवायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि त्यांच्या टीमचा, २०१४ ला त्यावरचा शोधनिबंध आला. भिंग एकच, काचेचा बारीक मणी, त्यातून साधारण १४० पट मोठं दिसतं. लेवेनहूक या डच माणसाने १६७४ मध्ये तळ्यातले जीव बघितले तेपण एका भिंगातूनच, त्यामुळे कागदाचा आहे म्हणून नाक मुरडू नका.

आता स्लाइड, म्हणजे ज्यावर थेंब ठेवायचा ती पट्टी. बरणीच्या तळाचा गाळ ड्रॉपरने घ्या, एकच छोटा थेंब, वर कव्हर स्लिप (झाकायचा पातळ चौकोनी तुकडा) एका बाजूने हळू टेकवत सोडा, धपकन टाकली की बुडबुडे होतात आणि नवीन माणूस त्या काळ्या कडांच्या गोलांनाच जीव समजतो, मीपण समजलो होतो. कडेचं जास्तीचं पाणी टिश्यूने टिपून घ्या. पॅरामिशियम हा एकपेशी जीव इतका सुसाट पळतो की दिसला म्हणेपर्यंत गायब, त्यावर उपाय म्हणजे थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकायचे, तो त्यात अडखळतो.

स्लाइड फोल्डस्कोपमध्ये सरकवली की अगदी डोळ्याला लावून बघा, पापणी टेकली पाहिजे, आणि ट्यूबलाइटकडे तोंड करा. उन्हात सूर्याकडे कधीच नाही, डोळा जाईल. मॅग्नेटने मोबाईलला लावलं तर व्हिडिओ निघतो, मुलांना दाखवायला तेच बरं.

पहिल्यांदा हिरवे धागे दिसतील, आत हिरवी पट्टी स्प्रिंगसारखी फिरलेली असेल तर ते स्पायरोगायरा नावाचं शेवाळ. चपलेच्या तळव्यासारखा पळणारा तो पॅरामिशियम. डोक्यावर दोन चाकं गरगरतायत असं वाटलं तर रोटिफर, खरं तर चाकं नसतातच, बारीक केस लाटेसारखे हलतात. पण माझा लाडका व्हॉर्टिसेला, देठावरची उलटी घंटा. तो सापडला की फोल्डस्कोपला नखाने हलकी टिचकी मारा आणि हलू नका. देठ झटकन गुंडाळतो, घंटा खाली जाते, मग सावकाश परत वर येते, पुन्हा टिचकी, पुन्हा खाली. यात माझा अख्खा रविवार गेलाय.

बघून झालं की पाणी कुंडीतल्या मातीत ओता आणि हात साबणाने धुवा.